कुंडीतला वड, त्यावरची कीड आणि अहिंसा

उथळ कुंडीत वाढवलेल्या वडाच्या पानामागे पिठ्या ढेकूण दिसला की माणूस पहिला प्रश्न विचारतो तो औषधाचा. काय फवारायचे, किती दिवसांनी, कोणत्या प्रमाणात? त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो बहुधा राहून जातो: या किड्यांना मारण्याचा मला अधिकार कुठून आला? शेतकऱ्याच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेने पुष्कळ केलेला आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला समजावतो की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, धान्याच्या बियाही सजीव असतात, नुसते चालले तरी पायाखाली जीव जातात, आणि म्हणून हिंसेवाचून जगणारा कोणी सापडायचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत बुद्धाने केलेला फरक ठळकपणे मांडला. या दोन्ही विचारांचा आधार शेतकऱ्याला घेता येतो, कारण त्याच्या पिकावर माणसांची पोटे अवलंबून आहेत. बोन्साय ठेवणाऱ्याला मात्र तो घेता येत नाही. कुंडीतल्या वडावर कोणाची भूक भागत नाही. त्याच्यामुळे घराला सावलीही मिळत नाही. तो आहे तो आपल्या डोळ्यांच्या आनंदासाठी आणि हातांच्या कौशल्यासाठी. म्हणजे गरजेचे समर्थन इथे पहिल्याच पायरीवर गळून पडते, आणि किडीचा प्रश्न शेतापेक्षा कुंडीत जास्त अवघड होतो. माझे म्हणणे असे की कुंडीतल्या झाडाच्या बाबतीत मारण्याचा जो काही मर्यादित अधिकार उरतो तो गरजेतून येत नाही, आपण पत्करलेल्या जबाबदारीतून येतो. आणि ती जबाबदारी पार पाडण्याची पहिली पायरी म्हणजे किडीची नेमकी ओळख.

ही जबाबदारी कशी तयार होते ते आधी पाहू. जमिनीतल्या वडाला कीड लागतच नाही असे नाही. पण त्याची मुळे दूरवर पाणी शोधतात, पारंब्या जमिनीत उतरून नवी खोडे होतात, पावसाळा पाने धुऊन काढतो, पक्षी, कोळी आणि ढालकिडे फांद्याफांद्यांतून आपला वाटा उचलत असतात. एका फांदीवर मावा पडला तर झाडाला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. तोच वड चार बोटे खोलीच्या मातीत आणला, एक-दोन वर्षांनी त्याची मुळे छाटली, फांद्यांना तार गुंडाळली आणि कुंडी बाल्कनीच्या स्लॅबखाली ठेवली की यातले जवळजवळ सगळे त्याच्यापासून तुटते. पाऊस पानांपर्यंत पोहोचत नाही. कोरड्या, तापलेल्या हवेत लाल कोळ्यांची पैदास झपाट्याने होते. नत्राचे खत जास्त झाले की कोवळी, रसाळ पालवी फुटते आणि मावा तिकडे धावतो. दाट पानांच्या गाभ्यात वारा खेळत नाही, तिथे पिठ्या ढेकूण बिनधास्त राहतो. म्हणजे कीड बाहेरून आलेली असली तरी तिच्यासाठी जागा आपणच करून दिलेली असते. जंगल त्या झाडासाठी जे करत होते ते सगळे आता एका माणसावर येऊन पडले आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात जपानी पांढऱ्या पाइनचे एक झाड आहे. १६२५ पासून ते कुंडीत जोपासले गेले, १९४५ मध्ये हिरोशिमाच्या अणुस्फोटातून वाचले आणि १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. इतकी वर्षे ते झाड जगले ते कोणी ना कोणी त्याच्याकडे दररोज पाहिले म्हणून. काही दिवसांचे दुर्लक्षही असे झाड संपवायला पुरेसे असते. ज्याला आपण इतके पराधीन केले त्याला संकटाच्या वेळी 'निसर्गाचे निसर्ग बघेल' म्हणून सोडून देणे ही अहिंसा नव्हे. निसर्गाला तर आपणच दाराबाहेर ठेवलेले असते.

यावर सर्वांत धारदार आक्षेप ज्ञानेश्वरांकडून येतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना, हिंसा करून अहिंसा साधू पाहणाऱ्या मतांचा त्यांनी समाचार घेतला आहे. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचेच कुंपण त्याच्या बुंध्याभोवती घालायचे, देऊळ मोडायचे आणि त्याच दगडांची देवासाठी ओवरी बांधायची, अशा दाखल्यांनी ते या विचारातली विसंगती उघडी करतात. जिवासाठी जिवाचा घात करणारा म्हणून आयुर्वेदही त्यांच्या तपासणीतून सुटत नाही: औषधासाठी झाडे उपटली जातात, साली सोलल्या जातात. बोन्सायवाल्याने हा भाग वाचला तर ते आपल्याच कामाचे वर्णन आहे असे त्याला वाटावे. फांद्या त्याने तोडल्या, मुळे त्याने छाटली, आणि आता त्याच झाडाच्या रक्षणासाठी तो किडे मारायला निघाला आहे. आक्षेपाचा अर्थ सरळ आहे: दुसरी हिंसा पहिल्या हिंसेमुळे गरजेची झाली असेल तर पहिलीच सोडा, बोन्साय ठेवूच नका.

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो, आणि तो अर्धा भाग गंभीरपणे घेण्यासारखा आहे. ज्याला दररोज झाडाकडे पाहायला वेळ नाही त्याने बोन्साय आणू नये. भेट म्हणून आलेला स्वीकारूही नये, कारण पाहायला वेळ नसलेल्या माणसाच्या घरी झाड आणि किडे दोघांचेही हाल होतात. पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग आज अस्तित्वात असलेल्या झाडाला लागू पडत नाही. तीस वर्षे कुंडीत राहिलेला वड किंवा उंबर काही वेळा जमिनीत लावता येतो, जुनिपर किंवा पाइन आपल्या हवेत बहुधा नाही. ज्याला कुंडीबाहेर जागाच नाही त्याच्या बाबतीत 'मुळात हे करायलाच नको होते' हे म्हणणे खरे असले तरी आता काय करायचे हे त्यातून कळत नाही. चुकून अंगावर घेतलेली जबाबदारीही जबाबदारीच असते. ज्ञानेश्वरांचा रोख हिंसेलाच धर्म म्हणून मिरवण्यावर आहे. हिंसेला हिंसा म्हणून, ती कमीत कमी करत पुढे जाणाऱ्या माणसासाठी त्याच अध्यायात वेगळी वाट आहे: पाऊल टाकताना खाली जीव आहे या जाणिवेने चालणाऱ्याचे वर्णन त्यांनी किती मायेने, किती विस्ताराने केले आहे! त्या चालण्यात महत्त्वाचे आहे ते पाहणे. जैन आचारातल्या पाच समित्यांपैकी पहिली ईर्यासमिती, म्हणजे पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे, हेच सांगते. आणि तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची जी व्याख्या केली तिच्या केंद्रस्थानी प्रमाद आहे, बेसावधपणा आहे. प्राण जाणे हा परिणाम झाला, हिंसेचे मूळ न पाहता वागण्यात आहे.

म्हणूनच कीड ओळखणे हे मला केवळ बागकामाचे कौशल्य वाटत नाही. न ओळखता फवारणारा माणूस काय करतो ते पाहा. पानांवर पांढरा, मेणचट कापूस दिसला की त्याचा हात फवाऱ्याकडे जातो. पण क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली असते आणि पहिल्या नजरेला थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती त्या ढेकणांची अंडी आणि पिल्ले खाते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या फळबागांत मित्रकीटक म्हणून मुद्दाम सोडला जाणारा. फरक ओळखायला भिंगाखाली एक मिनिट पुरते: अळी आकाराने मोठी असते, भराभर चालते, ढेकूण सुस्त असतो. ते मिनिट न दिल्याने माणूस झाडाच्या रक्षकालाच मारतो. ओल्या मातीवर उड्या मारणारे बारीक पांढुरके जीव दिसले की त्यांच्यावरही औषध पडते. ते बहुतेक वेळा कुजलेले खाणारे निरुपद्रवी जीव असतात. लाल कोळ्यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. कोळी हा कीटकच नव्हे, त्याला आठ पाय असतात, नाते त्याचे जाळे विणणाऱ्या कोळ्यांशी. पुष्कळ कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, पण त्याला खाणारे भक्षक मात्र मरतात. म्हणून चुकीच्या फवाऱ्यानंतर कोळी कमी न होता वाढतात. जुनिपरची पाने फिकट, धुळकट दिसू लागली तर फांदीखाली पांढरा कागद धरून टकटक करावी, पडलेले ठिपके चालू लागले तर बहुधा कोळी आहेत. तेव्हा पानांच्या खालून, काही दिवसांच्या अंतराने, पाण्याचा जोरदार फवारा मारला तर सुरुवातीच्या अवस्थेत बहुधा तेवढेच पुरते. खवले कीड एकदा सालीला चिकटली की तिच्या पाठीवरचे कवच औषध आत जाऊ देत नाही, ती मऊ ब्रशने खरवडूनच काढावी लागते. फवाऱ्याचा उपयोग होतो तो तिची रांगती पिल्ले उघड्यावर असतात तेवढ्याच काळात. फायकसची पाने मधल्या शिरेवर दुमडून शेंगेसारखी झाली तर आत फुलकिडे, त्यांची अंडी आणि पिल्ले असतात, आणि वरून कितीही औषध मारले तरी ते त्या घडीत शिरत नाही. ती पाने खुडून टाकणे हाच नेमका उपाय. मावा आणि पिठ्या ढेकूण रस शोषताना साखरेचा चिकट स्राव सोडतात, त्यासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात भक्षकांना हुसकावतात. मुंग्यांची ही राखण मोडायला त्यांना मारावे लागत नाही. जुन्या घरांत दुधादह्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसे कुंडीच्या स्टँडचे पाय ठेवले, भिंतीला टेकलेली फांदी सोडवली, की मुंगी वर येत नाही आणि ढालकिड्याला वाट मोकळी होते. यातल्या प्रत्येक ठिकाणी ओळख नेमकी झाली की मरणाऱ्या जिवांची संख्या घटते आणि उपाय अधिक लागू पडतो. ज्ञान आणि करुणा इथे एकाच दिशेने काम करतात.

बौद्ध विचारातून यावर उलट आक्षेप घेता येईल. थेरवादी परंपरेत प्राणघात पूर्ण होण्यासाठी पाच गोष्टी लागतात असे मानले जाते: जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे याची जाणीव, मारण्याचा हेतू, तसा प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. मग जो भिंग घेऊन किडीला निरखतो, तिचे नाव जाणतो, तिची पिल्ले कधी बाहेर पडतात याचा हिशेब ठेवतो, त्याचे कर्म अजाणतेपणी फवारणाऱ्यापेक्षा जड ठरणार नाही का? जाणीव आणि हेतू दोन्ही त्याच्याकडे पुरेपूर आहेत. या तर्काचा मोह मोठा आहे, कारण तो अज्ञानाला आश्रय देतो. पण 'मिलिंदप्रश्ना'त राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला जवळजवळ हेच विचारतो तेव्हा उत्तर अनपेक्षित येते. तापलेला लोखंडी गोळा दोघे हातात घेतात, एक जाणून, एक न जाणता. जास्त कोण भाजतो? न जाणणारा. जाणणारा सांभाळून, कमीत कमी जागी धरतो. हा दृष्टांत किडीच्या प्रश्नाला तंतोतंत बसतो. शिवाय फवारणारा माणूस खऱ्या अर्थाने अजाण नसतोच. बाटलीवर कीटकनाशक असे लिहिलेले त्याने वाचलेले असते, कोणीतरी मरणार हे त्याला माहीत असते. फक्त कोण, आणि किती, हे पाहायचे त्याने टाळलेले असते. असे टाळलेले ज्ञान दोष हलका करत नाही.

याहून कठीण आक्षेप जैन तत्त्वज्ञानाच्या इंद्रियगणनेतून येतो. त्या गणनेत वनस्पती एकेंद्रिय, तिला फक्त स्पर्श. मुंगीसारखे जीव त्रींद्रिय, माशी-भुंग्यासारखे चतुरिंद्रिय. मग एका एकेंद्रियाला वाचवण्यासाठी अधिक इंद्रियांच्या शेकडो जिवांना मारायचे हा व्यवहार उलटा नाही का? त्या दर्शनाच्या चौकटीत हा प्रश्न पूर्णपणे योग्य आहे, आणि जैन मुनी कुंडीतल्या झाडासाठी कीड मारणार नाही हे त्याच्या व्रताशी सुसंगतच आहे. गृहस्थासाठी मात्र त्याच परंपरेने संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद केले. संकल्पपूर्वक केलेली हिंसा त्याने पूर्ण टाळायची. घरकाम, उपजीविका आणि संरक्षण यांत होणारी जमेल तितकी कमी करायची. आपल्यावर अवलंबून असलेल्याचे रक्षण हे संरक्षणाच्या बाजूला येते. पण इथे पळवाट शोधता कामा नये: जबाबदारीचे नाते इंद्रियांच्या संख्येने ठरत नाही, असे मला जैन चौकटीबाहेर जाऊनच म्हणावे लागते. त्यासाठी आधार आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतो की वृक्ष ऐकतात, पाहतात, गंध घेतात, सुखदुःख जाणतात. जो विचार झाडाला इतके सजीव मानतो, त्याला झाडाचे मरण ही किरकोळ गोष्ट म्हणता येणार नाही. तरीही शेकडो विरुद्ध एक हे गणित माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊ नये असेच वाटते. ते जागे राहिले तरच माणूस औषधाआधी ब्रशचा, ब्रशआधी पाण्याचा विचार करील.

एक सोपी सुटका पुष्कळांना आवडते: रासायनिक औषध नको, ढालकिडे सोडू, निंबोळी अर्क मारू, म्हणजे आपले हात स्वच्छ. हे मला पटत नाही. जैन विचाराने कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगून ही वाट फार पूर्वी बंद केली आहे. ढेकूण खावेत म्हणून सोडलेला ढालकिडा म्हणजे कारित हिंसा. निंबोळी अर्क झाडापासून आला म्हणून त्याने किड्याची वाढ खुंटवण्यातला दोष जात नाही. तरीही मित्रकीटक आणि निंबोळी मला बऱ्या वाटतात, पण कारण वेगळे आहे: त्यांचे काम मर्यादेत राहते. ढालकिडा ढेकूण संपले की उडून जातो. मुळांतून झाडभर पसरणारे आंतरप्रवाही कीटकनाशक मात्र बोगनवेलीच्या किंवा चिंचेच्या कुंडीतल्या फुलांच्या मकरंदापर्यंत पोहोचू शकते आणि ज्या मधमाशीने झाडाचे काही बिघडवलेले नाही तिलाही त्यात ओढते. निर्दोष कोण राहिला हा प्रश्न इथे निरर्थक आहे. ज्याच्याशी आपला काही वाद नव्हता अशा किती जिवांना झळ पोहोचली, एवढेच मोजायचे.

बोन्साय ज्या देशात आजच्या रूपाला पोहोचले त्या जपानमध्ये मारलेल्या जिवांचे ऋण मान्य करण्याची प्रथा आहे. टोकियोतल्या उएनो भागात कानएई-जी मंदिराच्या आवारात किड्यांचे एक स्मारक आहे. ते १८२१ मधले. मासुयामा सेस्साई या सरदार-चित्रकाराने किड्यांची सूक्ष्म चित्रे काढण्यासाठी जे जीव मारले त्यांच्या शांतीसाठी, त्याच्या इच्छेनुसार ते उभारले गेले. कोयासान पर्वतावरच्या दफनभूमीत तर वाळवीनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांच्या संघटनेने वाळवीसाठी शिला उभी केली आहे. आधी मारायचे आणि मग प्रार्थना करायची, हा दांभिकपणा नाही का, असे कोणी विचारील. प्रार्थनेमुळे मारणे सोपे होत असेल तर आहे. पण आपल्याकडेही मनुस्मृतीने चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने म्हणून सांगितली आणि त्यांच्यासाठी रोजचे पाच महायज्ञ नेमले. त्यामागची दृष्टी मला महत्त्वाची वाटते: रोजच्या जगण्यातली हिंसा हिशेबात लिहिली गेली पाहिजे. मंत्र किंवा शिलेवाचूनही हे करता येते. ज्या माणसाने गेल्या मोसमात काय मारले, का मारले आणि त्यातले किती टाळता आले असते हे लिहून ठेवले, त्याच्या पुढच्या मोसमात फवारे नक्की कमी होतील.

शेवटी उरतो तो किती मारायचे हा प्रश्न, आणि मला वाटते खरा कस इथेच लागतो. शेतीशास्त्रात आर्थिक नुकसानीची पातळी ही संकल्पना आहे: कीड ठराविक संख्येच्या पुढे गेल्याशिवाय फवारायचे नाही, कारण त्याखाली फवारणीचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त असतो. या हिशेबाने नकळत असंख्य किडे वाचवले. कुंडीतल्या झाडाला अशी पातळी नाही, कारण तिथे उत्पन्नच नाही. म्हणून तिथे अपेक्षा शून्यावर जाऊन बसते: एकही ठिपका नको, एकही दुमडलेले पान नको, प्रदर्शनात झाड निष्कलंक दिसले पाहिजे. ही शून्याची अपेक्षा झाडाची नसते. वडाला वीस-पंचवीस मावे सहज सोसतात. झाडाचा जीव धोक्यात असेल, शेंडे सुकत असतील, मुळांवर पिठ्या ढेकणांचा पांढरा थर असेल, तेव्हा रक्षणाचे कर्तव्य मारण्याची परवानगी देते. पान डागाळले म्हणून, फोटो बिघडेल म्हणून मारायला ती परवानगी पुरत नाही, कारण तिथे रक्षण झाडाचे होत नसून आपल्या प्रतिष्ठेचे होत असते. बोन्साय मंडळांनी प्रदर्शनातल्या गुणांच्या तक्त्यातून 'पानांवर डाग नसावेत' यासारखे निकष काढून टाकावेत असे मी आग्रहाने म्हणेन. घरच्या कुंडीसाठी दर आठवड्याला भिंगाखाली दहा पाने उलटून पाहावीत आणि आकडा वाढतो आहे की स्थिर आहे ते टिपावे. स्थिर असेल तर हात मागे घ्यावा आणि त्या फांदीवरचा मावा ढालकिड्यांसाठी तसाच राहू द्यावा.